एका फ्लॅटवर अख्ख्या सोसायटीची थकबाकी : पहिल्या स्टोअर्ड प्रोसीजरमधल्या पॅरामीटरचे प्रकरण

पार्श्वभूमी

गोरेगाव पूर्वेला सोसायट्यांचे हिशेब लिहून देणारे एक छोटे कार्यालय आहे. सनदी लेखापाल मॅडम, दोन जुने लेखनिक आणि नव्याने आलेली एक शिकाऊ मुलगी, एवढीच माणसे. ओळख पटू नये म्हणून फ्लॅटचे क्रमांक आणि रकमा बदलल्या आहेत. चुका मात्र ज्या झाल्या त्याच आहेत आणि झाल्या त्याच क्रमाने दिल्या आहेत.

या कार्यालयाचा कारभार बरीच वर्षे एक्सेलवर चालला. सोसायटीगणिक एक फाइल, महिन्यागणिक एक शीट. पुढे सगळा डेटा मायएसक्यूएल ८.० या डेटाबेसवर आणला. ते काम मी करून दिले आणि नंतर कुठे अडले तर बघायचे असेही ठरले. मांडणी साधी होती. 'फ्लॅट' तक्त्यात सोसायटीतले फ्लॅट, 'देयके' तक्त्यात दर महिन्याची बिले, 'पावत्या' तक्त्यात जमा झालेले पैसे. मागच्या वर्षाची बाकी १ एप्रिलच्या तारखेने देयकांत वेगळी ओळ म्हणून घातलेली.

मुलगी बी.कॉम. झालेली. एक्सेलवर हात पक्का बसलेला. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेतले सिलेक्ट, व्हेअर, सम आणि जॉइन तिला येत होते. स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमध्येच नाव देऊन साठवलेले आणि हवी ती मूल्ये, म्हणजे पॅरामीटर, देऊन चालवता येणारे काम, तिने आधी कधी लिहिले नव्हते.

मॅडमनी सांगितलेले काम एका वाक्याचे होते: फ्लॅट क्रमांक आणि दोन तारखा दिल्या की त्या फ्लॅटची थकबाकी मिळाली पाहिजे. सोसायटी ९६ फ्लॅटची, वर्ष २०२४-२५. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची, तिची नोटीस १४ पूर्ण दिवस आधी लावायची आणि नोटिशीबरोबर थकबाकीची यादी समितीच्या हाती हवी. २०२५ मध्ये अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला आली. गणपतीच्या दिवसांत कोण काम करणार? त्यामुळे विसर्जन झाल्यावर यादीसाठी जेमतेम आठवडा उरला होता.

हा आकडा नुसता माहितीचा नसतो. थकबाकीदार ठरलेल्या सभासदाला समितीवर राहता येत नाही. बाकीवर या सोसायटीच्या उपविधींप्रमाणे २१ टक्के सरळव्याज लागते. प्रकरण ताणले तर सोसायटी सहकार कायद्याच्या कलम १५४ बी-२९ खाली, जे पूर्वी कलम १०१ होते, उपनिबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी जाते. अशा कागदावर चुकीची रक्कम गेली तर सोसायटीची बाजू तिथेच लंगडी पडते.

अडचण

तिने लिहिलेल्या प्रोसीजरचा पहिला मसुदा असा होता. प्रत्यक्षातला कोड रोमन लिपीत आहे, इथे वाचायला सोपे जावे म्हणून देवनागरीत दिला आहे.

क्रिएट प्रोसीजर थकबाकी_काढा (
  इन फ्लॅट_नो व्हारचार(१०),
  इन पासून डेट,
  इन पर्यंत डेट,
  आउट बाकी डेसिमल )

आत दोन बेरजा होत्या. देयकांची बेरीज एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे आकडा तात्पुरता ठेवायच्या जागेत, पावत्यांची दुसऱ्यात, आणि शेवटी 'बाकी' म्हणजे दोन्हींची वजाबाकी. दोन्ही बेरजांची अट सारखीच:

व्हेअर फ्लॅट_नो = फ्लॅट_नो
  अँड तारीख बिट्वीन पासून अँड पर्यंत

अनुभवी माणसाची नजर या पहिल्या ओळीवरच थांबेल. तिची थांबली नाही, कारण तिच्यासमोर आधी दुसऱ्याच अडचणी उभ्या राहिल्या.

प्रोसीजर तयारच होईना. पहिल्या अर्धविरामाशी १०६४ क्रमांकाची त्रुटी यायची. हे डिलिमिटरचे, म्हणजे विधान संपल्याच्या खुणेचे, नेहमीचे दुखणे: आतल्या विधानांचे अर्धविराम आणि संपूर्ण प्रोसीजरचा शेवट यांत क्लायंटला, म्हणजे आज्ञा पाठवणाऱ्या प्रोग्रामला, फरक कळत नाही, म्हणून आधी डिलिमिटर बदलून घ्यावा लागतो. हे तिने स्वतःच शोधून सोडवले.

मग तिने प्रोसीजर चालवली:

कॉल थकबाकी_काढा('बी-३०२', २०२४-०४-०१, २०२५-०३-३१, ०);

उत्तर आले की चौथ्या जागी व्हेरिएबल हवे. त्रुटी क्रमांक १४१४. आउट पॅरामीटर ही उत्तर ठेवायची जागा आहे आणि शून्य या आकड्यात काही ठेवता येत नाही. शून्याच्या जागी '@बाकी' लिहिले की ते मिटले.

पुढची त्रुटी मात्र तिला अर्धा दिवस पुरली: तारखेचे मूल्य चुकीचे आहे, मूल्य '२०१९'. तिने २०१९ कुठेच लिहिलेले नव्हते. मग ती देयकांत २०१९ च्या नोंदी शोधत बसली. जुन्या एक्सेलमधून काही चुकून आले असेल अशी तिची समजूत. एका लेखनिकाने २०१९ ची फाइलही काढून दिली.

खरे कारण तिच्या डोळ्यांसमोर होते. तारखेला अवतरणचिन्हे नव्हती. अवतरणाविना २०२४-०४-०१ ही तारीख उरत नाही, ती वजाबाकी होते. २०२४ मधून ४ वजा, त्यातून १ वजा, उरले २०१९. मायएसक्यूएल आकड्यातून तारीख काढताना तो वर्ष-महिना-दिवस असा वाचतो. २०१९ मधून त्याला विसावा महिना आणि एकोणिसावा दिवस मिळाला. विसावा महिना नसतो, म्हणून त्रुटी. दुसऱ्या तारखेचे १९९१ झाले असते, पण गाडी तिथवर पोचलीच नाही.

इथपर्यंतच्या अडचणी त्रासदायक असल्या तरी स्वस्तातल्या होत्या, कारण डेटाबेस ओरडून सांगत होता. अवतरणे घातली आणि प्रोसीजर बिनतक्रार चालली. खरी अडचण तिथून सुरू झाली.

बी-३०२ ची थकबाकी आली ६,८२,३१५ रुपये. महिन्याला ४,८५० रुपये बिल असलेल्या फ्लॅटची. तिने ए-१०१ घातला: ६,८२,३१५. बी-७०४ घातला: तेच. संध्याकाळी तिचा मला फोन आला. "दादा, कुठलाही फ्लॅट घातला तरी तोच आकडा येतो. बहुतेक एक्सेलमधून बिलं दोन-दोनदा आलीत. मॅडमना विचारून डबल नोंदी काढून टाकू का?"

पर्याय

पहिला निर्णय याच प्रश्नावर घ्यायचा होता आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातला तोच सर्वांत महत्त्वाचा. खात्री नसताना डेटाला हात लावायचा की नाही? मी सांगितले, "अजिबात डिलीट करू नकोस. आधी आकडा कुठून येतो ते बघू." देयकांत एकाच फ्लॅटच्या, एकाच रकमेच्या ओळी बाराच्या बारा असतात. नवख्या नजरेला त्या दुहेरी वाटू शकतात. त्या 'साफ' केल्या असत्या तर वर्षाचा हिशेब गेला असता, आणि प्रोसीजर चुकीचीच राहिली असती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात बसून आम्ही चार वाटांचा विचार केला.

एक, प्रोसीजर मी लिहून द्यायची. तासाभराचे काम. मॅडमचा कल याकडे होता आणि हाती असलेले दिवस बघता तो चूक म्हणता येणार नाही. पण पुढच्या महिन्यात व्याज आकारणीची प्रोसीजर लिहायची होती, तीही याच मुलीने. थकबाकी काढताना चूक झाली तर चुकीचा आकडा दिसतो. व्याज लावताना तीच चूक झाली तर तक्त्यातला डेटा बदलतो.

दोन, या वर्षापुरती यादी एक्सेलमध्ये करायची. सुरक्षित वाट, आणि ती शेवटपर्यंत हाताशी ठेवली.

तीन, प्रोसीजर सोडून साधी क्वेरी, म्हणजे न साठवता थेट डेटाबेसला विचारलेला प्रश्न, वापरायची. ९६ फ्लॅटची यादी हवी असताना एकेक फ्लॅट घालून ९६ वेळा प्रोसीजर चालवायची कशाला, असा रास्त प्रश्न जुन्या लेखनिकांनी विचारला. त्याकडे पुढे येतो.

चार, तिच्याच हातून चूक शोधून घ्यायची. मी शेजारी बसायचे, कीबोर्डला हात लावायचा नाही. त्याला मुदत घातली: शुक्रवारी संध्याकाळपर्यंत आकडे जुळले नाहीत तर यादी एक्सेलमधून जाईल.

चौथी वाट धरली, दुसरी राखून ठेवली.

काय केले

एकच आकडा वारंवार येण्याची दोन कारणे असू शकत होती. नवखे लोक त्यातले एकच बघतात, म्हणजे क्वेरी सगळ्यांची बेरीज करते आहे. दुसरे कारण निराळे असते: प्रोसीजर मध्येच त्रुटी देऊन थांबली तर मायएसक्यूएल आउट पॅरामीटरमधले मूल्य बाहेर पोचवत नाही, आणि '@बाकी' मध्ये आधीच्या वेळचा आकडा तसाच पडून राहतो. तो छापला की वाटते, नव्या फ्लॅटचे उत्तर आले. म्हणून प्रत्येक वेळी आधी '@बाकी' नल, म्हणजे रिकामे, करायचे आणि मगच कॉल करायचा, असे केले. आकडा तरीही ६,८२,३१५ च आला. शिळ्या मूल्याचा संशय फिटला.

मग क्वेरी प्रोसीजरच्या बाहेर काढली. तीच बेरीज, तीच अट, फक्त पॅरामीटरच्या जागी थेट 'बी-३०२' आणि दोन तारखा. देयके ५८,८५०.५० रुपये, पावत्या ४०,४५०.०० रुपये, बाकी १८,४००.५०. तिने एक्सेलची जुनी फाइल उघडली. तिथेही १८,४००.५०. डेटा दुहेरी नाही हे इथे सिद्ध झाले आणि नोंदी काढून टाकायचा विषय संपला.

बाहेर बरोबर, आत चूक. म्हणजे पॅरामीटर नीट पोचत नसेल? प्रोसीजरच्या पहिल्याच ओळीत आलेली तिन्ही मूल्ये छापणारे एक सिलेक्ट घातले. मायएसक्यूएलमध्ये प्रोसीजर ओळीओळीने थांबवत बघायची सोय मुळात नाही, त्यामुळे हाच मार्ग. 'बी-३०२' आणि दोन्ही तारखा जशाच्या तशा छापल्या गेल्या. मूल्य दारातून आत येते आहे, क्वेरी बरोबर आहे, तरी उत्तर चूक.

इथे ती बराच वेळ गप्प बसली. मीही काही बोललो नाही. मग तिने मोठ्याने वाचले, "फ्लॅट नो बरोबर फ्लॅट नो." आणि लगेच, "पण दादा, यातला तक्त्यातला कुठला आणि माझा कुठला?"

प्रश्न नेमका तोच होता. पॅरामीटरचे आणि कॉलमचे नाव एकच असेल तर मायएसक्यूएल त्या नावाचा अर्थ पॅरामीटर असा घेतो. आतल्या खोलीत त्या नावाचे माणूस असले की बाहेरच्या माणसापर्यंत हाक जात नाही. त्यामुळे डावीकडचा फ्लॅट_नो पॅरामीटर, उजवीकडचाही पॅरामीटर. 'बी-३०२' बरोबर 'बी-३०२', ही अट प्रत्येक ओळीला खरी. ९६ फ्लॅटची सगळी देयके आत आली, सगळ्या पावत्या आत आल्या आणि अख्ख्या सोसायटीची बाकी एका फ्लॅटच्या नावावर छापली गेली.

नावांच्या या गोंधळात प्रत्येक डेटाबेसची रीत वेगळी आहे आणि ते माहीत असलेले बरे. ओरॅकलमध्ये उलटे होते, कॉलमला मान मिळतो; पण तिथेही दोन्ही बाजू एकच झाल्यामुळे अट निकामीच ठरते. पोस्टग्रेसमध्ये पीएल/पीजीएसक्यूएलमधून असे लिहिले तर ९.० आवृत्तीपासून नाव संदिग्ध आहे असे सांगून काम थांबवले जाते. मला ही वागणूक सर्वांत प्रामाणिक वाटते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये पॅरामीटरच्या नावाआधी '@' सक्तीचे असल्याने हा प्रश्न येत नाही. मायएसक्यूएल मात्र मुकाट्याने चुकीचे उत्तर देतो.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. तक्त्याला छोटे नाव देऊन 'दे.फ्लॅट_नो = फ्लॅट_नो' लिहायचे, कारण तक्त्याचे नाव जोडले की तो कॉलमच ठरतो. किंवा पॅरामीटरचेच नाव बदलून 'पी_फ्लॅट_नो' करायचे. तिला पहिला पुरेसा वाटला. मी दोन्ही करायला लावले. एखाद्या ओळीत तक्त्याचे नाव जोडायचे राहून गेले तरी 'पी_' मुळे गफलत होत नाही.

बदल केला, फाइल सेव्ह केली, कॉल केला. पुन्हा ६,८२,३१५. मायएसक्यूएलमध्ये साठवलेल्या प्रोसीजरचा मजकूर जागच्या जागी बदलता येत नाही. आधीची ड्रॉप करून नवी तयार करावी लागते. फाइल बदलली होती, डेटाबेसमधली प्रोसीजर जुनीच होती. 'शो क्रिएट प्रोसीजर' चालवून आत नेमके काय आहे ते बघायची सवय तिला इथे लागली. फाइलच्या सुरुवातीला ड्रॉपची ओळ घातली आणि नवी प्रोसीजर तयार केली.

बी-३०२ : १८,४०१.

तिला आनंद झाला. पन्नास पैसे इकडचे तिकडे, सोसायटी काही विचारणार नाही असे ती म्हणाली. मॅडमनी मान हलवली नाही. हिशेबात पैसे जुळले नाहीत तर काहीच जुळले नाही, हे त्यांचे म्हणणे आणि ते अगदी योग्य होते. कारण आउट पॅरामीटरच्या प्रकारात सापडले. नुसते 'डेसिमल' लिहिले की मायएसक्यूएल ते दहा अंक आणि दशांशस्थळे शून्य असे धरतो. १८,४००.५० त्यात ठेवताना पूर्णांक झाला आणि त्रुटी आली नाही. पॅरामीटर डेसिमल(१२,२) केला, आतली दोन्ही व्हेरिएबल्सही तशीच केली.

बहुतेक जण इथे थांबतात. एक फ्लॅट जुळला, काम झाले. दुसरा मोठा निर्णय इथला: एका फ्लॅटच्या जुळण्यावर विश्वास ठेवायचा का? मी तिला सांगितले की जिथे प्रोसीजर चुकेल असे तुला वाटते ते फ्लॅट निवड. तिने आणि जुन्या लेखनिकांनी मिळून यादी काढली. नियमित भरणारा एक. वर्षभर छदामही न भरणारा एक. ३१ मार्चला पैसे भरलेला एक. आणि एक क्रमांक, जो सोसायटीत नाहीच. लेखनिकांना एसक्यूएल येत नव्हते, पण कुठला फ्लॅट हिशेबात नेहमी गडबड करतो ते त्यांना तोंडपाठ होते.

नियमित भरणारा जुळला.

न भरणारा, ए-१०४, कोरा आला. शून्यही नाही, काहीच नाही. पावत्यांच्या तक्त्यात त्याची एकही ओळ नव्हती. एकही ओळ नसताना सम केले की उत्तर शून्य येत नाही, नल येते. देयकांतून नल वजा केले की पुन्हा नल. म्हणजे सोसायटीतला सर्वांत मोठा थकबाकीदारच यादीत कोरा दिसणार होता आणि कोरी जागा बघून समितीने त्याची बाकी नाही असे समजले असते. या प्रकरणातली मला सर्वांत गंभीर वाटलेली चूक हीच. दोन्ही बेरजांवर 'कोअलेस' लावून नलच्या जागी शून्य धरले.

३१ मार्चला भरणारा, सी-५०३, थकबाकीत आला. त्याने ४,८५० रुपये यूपीआयने संध्याकाळी ७.४२ ला भरलेले आणि बँकेच्या नोंदीत वेळेसकट आलेले. पावतीचा कॉलम तारीख-वेळ या प्रकारचा, पॅरामीटर नुसत्या तारखेचा. तुलना करताना मायएसक्यूएल तारखेला मध्यरात्रीची वेळ धरतो, म्हणून 'पर्यंत ३१ मार्च' म्हणजे ३१ मार्च उजाडण्याआधीच हिशेब बंद. वर्ष संपायच्या दिवशी घाईने भरलेले सगळे पैसे बाहेर राहिले. अट बदलली: 'पासून' च्या बरोबर किंवा पुढची, आणि 'पर्यंत' मध्ये एक दिवस मिळवून त्याच्या आतली. पन्नास पैशांची चूक बी-३०२ एक्सेलशी ताडून सापडली होती. ही तशी सापडली नसती, कारण बी-३०२ ने ३१ मार्चला काही भरलेच नव्हते.

अस्तित्वात नसलेला क्रमांक म्हणून तिने बी-३२० घातला. कोअलेस लावण्याआधी इथे कोरे आले असते. आता आले ०.००. "बरोबर आहे ना दादा? फ्लॅटच नाही तर बाकी शून्य." मी विचारले, "आणि कोणी घाईत ३०२ चे ३२० केले तर?" १८,४००.५० देणे असलेल्या सभासदाला फोनवर 'तुमची बाकी नाही' असे सांगितले गेले असते. एका दुरुस्तीने दुसरे भोक पाडले होते. सुरुवातीला 'फ्लॅट' तक्त्यात तो क्रमांक आहे का ते तपासायचे आणि नसेल तर 'सिग्नल' वापरून स्वतःच त्रुटी उभी करायची, असे ठरले. संदेश तिने लिहिला: असा फ्लॅट या सोसायटीत नाही.

निष्पत्ती

प्रोसीजर गुरुवारी दुपारी पक्की झाली. मग लेखनिकांचा प्रश्न परत घेतला. यादीसाठी फ्लॅटचा पॅरामीटर लागतच नाही. तिने दुसरी प्रोसीजर लिहिली, तिला फक्त दोन तारखा आणि आउट पॅरामीटर मुळीच नाही. फ्लॅटवार गट करून सगळी यादी एकदम. देयकांची बेरीज आणि पावत्यांची बेरीज आधी वेगवेगळी करून मग जोडली, कारण थेट जोडली असती तर प्रत्येक देयक प्रत्येक पावतीशी जुळून रकमा फुगल्या असत्या. पहिली प्रोसीजर फोनवर विचारणा आली की एका फ्लॅटचा आकडा सांगण्यासाठी ठेवली.

यादीची एकूण बेरीज आली ६,४३,५१४.५०. ती पडताळायला चुकलेला जुना आकडाच उपयोगी पडला. ६,८२,३१५ ही पूर्णांकात गेलेली सोसायटीची बाकी होती, मूळ आकडा ६,८२,३१४.५०. त्यातून ३१ मार्चला आठ फ्लॅटनी भरलेले ३८,८०० वजा केले की बरोबर ६,४३,५१४.५०. तिने ही वजाबाकी कागदावर करून मॅडमपुढे ठेवली आणि यादीवर सही झाली. ए-१०४ सर्वांत वर होता.

नोटीस वेळेत लागली. राखून ठेवलेली एक्सेलची वाट वापरावी लागली नाही.

वेगळे काय करता आले असते

प्रशिक्षणाच्या पहिल्याच दिवशी पॅरामीटरला 'पी_' लावण्याची शिस्त घालून दिली असती तर निम्मा वेळ वाचला असता. हा कोणत्याही पुस्तकी सौंदर्याचा प्रश्न नाही. मायएसक्यूएलमध्ये ती सुरक्षेची गोष्ट आहे.

शिकाऊ मुलीच्या लॉगिनला खऱ्या डेटाबेसवर डिलीटची परवानगी होती. तिने विचारले म्हणून नोंदी वाचल्या. न विचारणारेही असतात. डेटाबेसची वेगळी प्रत करून तिथे शिकायला द्यायला हवे होते. ती प्रत आता केली आहे.

तपासणीचे फ्लॅट आधी निवडून, त्यांची उत्तरे हाताने काढून मग कोड लिहिला असता तर? नल, ३१ मार्च आणि चुकीचा क्रमांक हे तिन्ही प्रश्न लिहितानाच समोर आले असते. मला हे आदर्श वाटते, पण पहिल्यांदा लिहिणाऱ्याकडून त्याची अपेक्षा धरणे कितपत रास्त, याबद्दल माझे मन अजून पक्के नाही. कोड एकदा चुकलेला बघितल्याशिवाय तपासणीला काय निवडायचे हे सुचत नाही.

मुलीला स्वतः शोधू देण्याचा निर्णय त्या आठवड्यात महाग पडू शकला असता. शुक्रवारची मुदत आणि एक्सेलची तयार वाट नसती तर मी तो घेतला नसता.

व्याज आकारणीची प्रोसीजर ऑक्टोबरमध्ये तिने लिहायला घेतली. ती अपडेट करते, म्हणजे अटीत नावांचा तोच गोंधळ झाला तर एका फ्लॅटचे व्याज सगळ्या ९६ फ्लॅटना लागेल. म्हणून ती आधी ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे बदल मागे घेता येतील अशा रीतीने, चालवायची, किती ओळी बदलल्या ते 'रो काउंट' ने बघायचे, आणि मगच कमिट, म्हणजे बदल कायम, करायचे असे ठरले. पहिल्या चाचणीत एका फ्लॅटच्या बारा ओळी बदलायला हव्या होत्या, बाराच बदलल्या.